मुखडा परत येतो तेव्हा : आजचा प्रोग रॉक

प्रश्न असा आला होता : "दादा, पिंक फ्लॉइड पाठ झालंय, रशचं '२११२' आणि ड्रीम थिएटरचे दोन अल्बम ऐकून झालेत. आता पुढे काय? प्रोग रॉक म्हणजे आज नक्की काय राहिलंय, आणि नवे कोणते बँड ऐकू? नेटवरच्या याद्यांमध्ये तर सगळ्यांनाच प्रोग म्हणतात."

याद्यांबद्दलची तुझी तक्रार रास्त आहे. पण उत्तर देण्याआधी माझा एक किस्सा सांगतो, कारण मला स्वतःला हा शब्द त्यातूनच कळला. गेली बावीस-तेवीस वर्षं मी ड्रम वाजवतो. त्याआधी शाळेत असताना ठाण्यात एका गुरुजींकडे तबला शिकलो. कॉलेज संपता संपता आम्ही चौघांनी एक बँड केला आणि चौदा मिनिटांचं एक गाणं रचलं. अकरा भाग, सहा वेगवेगळे ठेके, मध्ये एक कीबोर्डचा सोलो, शेवटी गिटारचा. चार महिने जॅम रूममध्ये घाम गाळला. पहिल्यांदा स्टेजवर वाजवून खाली उतरलो तेव्हा साउंडवाल्या काकांनी चहाचा ग्लास हातात दिला आणि म्हणाले, "छान वाजवलंत रे. किती गाणी होती, चार का पाच?"

एकच होतं. काकांना टोमणा मारायचा नव्हता, त्यांना खरोखरच चार-पाच वाटली होती. आणि ते बरोबर होते. आम्ही अकरा डबे एकामागे एक जोडले होते, पण गाडी ठाणे स्टेशनातून हललीच नव्हती.

आता शब्दाकडे येऊ. प्रोग म्हणजे 'प्रोग्रेसिव्ह', आणि ते मुळात विशेषण. साठच्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमधल्या काही पोरांना तीन मिनिटांच्या गाण्याच्या बाहेर पडायचं होतं. कोणी जॅझ आणलं, कोणी पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत, कोणी इंग्लिश लोकगीतं. ऑक्टोबर १९६९ मध्ये किंग क्रिम्सनचा पहिला अल्बम आला, आणि तिथून हा प्रवाह सुरू झाला असं ढोबळमानाने म्हणता येतं. त्यातलं मेलोट्रॉन हे वाद्य मोठं मजेशीर. प्रत्येक पट्टीखाली टेपचा एक तुकडा, त्यावर व्हायोलिनचा किंवा बासरीचा मुद्रित सूर. पट्टी दाबून ठेवली की साधारण आठ सेकंदांत टेप संपते. म्हणजे तेव्हा ते अगदी ताजं, धड न चालणारं तंत्रज्ञान होतं. आज एखादा बँड मेलोट्रॉन वापरतो तो मात्र जुना वास यावा म्हणून. हा फरक ध्यानात ठेव, कारण 'आज प्रोग म्हणजे काय' हा सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो. विशेषणाचं नाम झालं. 'पुढे जाणारं' असा अर्थ होता, त्याचा 'प्रोग' नावाचा एक ठरावीक आवाज झाला. त्याचा थाटमाटही ठरला. कीबोर्डवादक रिक वेकमनने १९७५ मध्ये लंडनच्या वेम्बलीत राजा आर्थरची कथा चक्क बर्फावरच्या स्केटिंगसह सादर केली. पुढे दोन-तीन वर्षांत पंकवाल्यांनी टर उडवायला घेतली तेव्हा त्यांना फार कष्ट पडले नसावेत.

तर आज या नावाखाली दोन वेगळी कामं चालतात. एक घराणं सांभाळण्याचं, दुसरं विशेषण जागं ठेवण्याचं. घराणं ही काही शिवी नव्हे. आपल्याइतकं ते कोणाला कळणार? चांगला घराणेदार गवय्या मला उगाच काहीतरी वेगळं करणाऱ्यापेक्षा केव्हाही प्रिय. फक्त आपण काय ऐकतोय ते माहीत असावं.

लोक प्रोग ओळखायला ज्या खुणा सांगतात त्या फारशा कामाच्या नाहीत. लांबी घे. वीस मिनिटांचं गाणं म्हणजे प्रोग, हे १९७२ मध्येच इतकं रुळलं होतं की जेथ्रो टल या बँडने अख्ख्या अल्बमभर एकच गाणं केलं, तेही निम्मं टिंगल म्हणून. शिवाय पाऊण तासाचा बडा ख्याल ऐकत मोठ्या झालेल्या माणसाला वीस मिनिटांचं काय कौतुक. वेगाबद्दल तर बोलायलाच नको, तो आता यूट्यूबवरच्या बारा वर्षांच्या मुलामुलींकडे आहे.

मात्रांवर मात्र जरा थांबतो, कारण तो माझा धंदा. इंग्रजी लेखांमध्ये सात-चार, पाच-आठ असल्या मोजणीबद्दल असं लिहितात की जणू काही गुप्त विद्या आहे. पिंक फ्लॉइडचं 'मनी' तुला पाठ आहे ना? टाळी देऊन बघ. तीन-दोन-दोन, रूपक आपोआप बसतो. (गिटारचा सोलो सुरू झाला की ठेका गुपचूप चारावर येतो, तेही पकड.) पंधराव्या वर्षी मी टेपवर 'मनी' लावून बाजूला तबला घेऊन बसलो होतो, आणि गुरुजी आतून ओरडले होते, "सम कुठे आहे ते बघ आधी!" रूपक, झपताल, दीपचंदी ही आपल्याकडे हुशारी नव्हे, ते दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचे पाठ. इतकंच कशाला, ज्ञानेश्वरांच्या ओवीचा चौथा चरणसुद्धा आखूडच असतो. विषम लय आपल्या कानांना परकी नाही.

आपल्याला नवं वाटायला हवं ते वेगळंच आहे. आपल्याकडे एकदा ताल धरला की बंदिश संपेपर्यंत तोच. सगळी गंमत त्याच्या आत. प्रोगमध्ये आवर्तनच चालत्या गाडीत बदलतं. सातावर चाललेली ओळ पुढच्या खेपेला सहावर येते, एक मात्रा गिळलेली असते आणि छातीत किंचित धस्स होतं. हे धस्स होणं जर गाण्यातल्या गोष्टीशी जुळलेलं असेल तर ते संगीत. नाहीतर तो गणिताचा पेपर.

म्हणून माझी कसोटी एकच, साउंडवाल्या काकांनी शिकवलेली. सुरुवातीला ऐकलेली सुरावट किंवा ओळ पुढे परत येते तेव्हा ती तीच राहिलेली असते, की मधल्या प्रवासाने तिचा अर्थ बदललेला असतो? जेनेसिसचं १९७२ चं 'सपर्स रेडी' तेवीस मिनिटांचं आहे. सुरुवातीला खोलीत बसलेल्या दोघांची एक हळुवार चाल आहे. मध्ये लढाई, वेडेपणा, फुलं झालेली माणसं, नऊ मात्रांचा एक भयंकर भाग, काय वाट्टेल ते. शेवटी तीच हळुवार चाल पूर्ण ताकदीने परत येते आणि अंगावर काटा येतो. नुसता शेवटचा भाग तोडून ऐकलास तर तो येत नाही. बडा ख्याल ऐकताना विस्तारानंतर मुखडा परत येतो तेव्हा जे होतं, त्याच जातीचं हे. आमच्या अकरा डब्यांत हे नव्हतं.

ही कसोटी लावली की तुझी यादी झपाट्याने लहान होते, आणि गंमत म्हणजे तिच्यात अशी काही नावं शिरतात जी स्वतःला प्रोग म्हणवून घेणार नाहीत.

ड्रीम थिएटर ऐकून आलेल्याने पहिलं पाऊल टाकावं ते हेकनकडे. लंडनचा बँड, पहिला अल्बम २०१० चा, पण तू २०१३ च्या 'द माउंटन'पासून सुरुवात कर. त्यात 'कॉक्रोच किंग' नावाचं आठ मिनिटांचं गाणं आहे. सुरुवातीला चार-पाच आवाज एकमेकांच्या शेपटीवर पाय देत गातात. ही तऱ्हा त्यांनी जेंटल जायंट या सत्तरच्या दशकातल्या बँडकडून घेतली, आणि ते लपवतही नाहीत. इथवर हे घराण्याचं काम. पुढे मात्र त्यांनी या एका झुरळांच्या राजाला सोडलंच नाही. २०१८ चा 'व्हेक्टर' आणि २०२० चा 'व्हायरस' हे जोडअल्बम त्याच पात्राची मागची गोष्ट सांगतात, आणि 'व्हायरस'मधल्या सतरा मिनिटांच्या 'मसाया कॉम्प्लेक्स'मध्ये जुन्या गाण्याच्या सुरावटी विद्रूप होऊन परत येतात. सात वर्षांनी मुखडा परत. ('व्हायरस' हे नाव साथ येण्याआधीच ठरलेलं होतं, पुढे साथीमुळे अल्बमच लांबला. बिचारे मुलाखतींमध्ये तेच समजावत बसले.) २०२३ चा 'फॉना' जास्त मोकळा, हसरा आहे. हेकनची एक खोड सांगून ठेवतो. त्यांना सगळंच येतं, त्यामुळे कधी कधी ते सगळंच करतात.

लेप्रसचं नेमकं उलट. नॉर्वेतल्या नोटोडेन या छोट्या गावातला बँड. गायक आइनार सोलबर्ग. सुरुवातीला तेही भरपूर वाजवायचे, २०११ चा 'बायलॅटरल' ऐक म्हणजे कळेल. मग त्यांनी एकेक गोष्ट काढून टाकायला सुरुवात केली. २०१५ च्या 'द काँग्रिगेशन'मध्ये गिटार जवळजवळ तालवाद्य झाली आहे, छोटे तुटक घाव, आणि त्यावर गायकाचा लांब, उंच सूर तरंगतो. ड्रमर बार्ड कोलस्टाड हे आमच्या व्यवसायातलं सध्याचं मोठं नाव. पण त्याच्या हातांकडे बघण्याआधी तो कुठे वाजवत नाही ते ऐक. २०१९ च्या 'पिटफॉल्स'मध्ये सोलबर्गने स्वतःच्या नैराश्यावर आणि चिंतेवर लिहिलं, आणि जुन्या चाहत्यांनी 'हे पॉप झालं' म्हणून आरडाओरडा केला. मला उलट वाटतं. त्यातलं 'बिलो' सहाएक मिनिटांचं, रचना साधी. पण तोच कोरस पहिल्यांदा कुजबुजल्यासारखा येतो आणि शेवटी व्हायोलिन-चेलोंच्या लाटेवर येतो तेव्हा माणूस तुटलेला असतो. माझ्या कसोटीला ते सहा मिनिटांत उतरतं. लांबी लागत नाही, असं मी म्हणत होतो ते यासाठी. आणि अल्बमचा शेवट 'द स्काय इज रेड' या अकरा मिनिटांच्या गाण्याने होतो, त्यामुळे जुन्यांनाही रुसायला फारशी जागा नव्हती.

ऑस्ट्रेलियाचं नाव इथे यायलाच हवं. तिथल्या पाण्यात काय आहे कोण जाणे. पर्थचा कार्निव्हूल, त्यांचा २००९ चा 'साउंड अवेक' हा बास गिटार वाजवणाऱ्यांचा धर्मग्रंथ. ब्रिस्बेनचा कॅलिग्युलाज हॉर्स, यांचा 'इन कॉन्टॅक्ट' आधी आणि मग २०२४ चा 'चारकोल ग्रेस'. सिडनीचा प्लिनी, गाण्याशिवाय नुसती गिटार. रात्री काम करताना लावण्यासारखा. आणि मेलबर्नचा तो वेडा कळप, किंग गिझर्ड अँड द लिझर्ड विझर्ड.

या गिझर्डवाल्यांवर वेगळा लेख होईल. २०१७ या एका वर्षात त्यांनी पाच अल्बम काढले. त्यातल्या 'फ्लाइंग मायक्रोटोनल बनाना'साठी गिटारवर जास्तीचे पडदे बसवून घेतले, म्हणजे दोन सुरांच्या मधले सूर वाजवता यावेत. श्रुतींवर पोसलेला आपला कान इथे आधी सुखावतो, मग थोडा चिडतो, कारण ते त्या सुरांवर रेंगाळत नाहीत, धावत सुटतात. त्याच वर्षाचा 'पॉलिगोंडवानालँड' त्यांनी फुकट देऊन टाकला. मूळ मुद्रण सगळ्यांसाठी खुलं ठेवलं. ज्याला रेकॉर्ड छापायची त्याने छापावी, विकावी. त्यातलं पहिलं गाणं 'क्रम्बलिंग कॅसल' जवळजवळ अकरा मिनिटांचं आहे, आणि बाजूला मित्र बसलेला असला तरी उठून नाचावंसं वाटतं. प्रोग ऐकताना असं फार क्वचित होतं, हे कबूल करायला हवं.

आता ज्यांच्यावर जुने प्रोगवाले नाक मुरडतात, त्यांच्याकडे. मला स्वतःला गेल्या दहा वर्षांत सर्वांत जास्त हलवलं ते लंडनच्या विशीतल्या मुलामुलींनी. ब्लॅक मिडीचा २०२१ चा 'कॅव्हलकेड' लाव. पहिल्याच 'जॉन एल'मध्ये सगळा बँड पूर्ण वेगात असताना मध्येच थांबतो. शांतता. किती वेळ ते सांगत नाही. मग सगळे एका क्षणी परत. कानात क्लिकची (लय मोजणारी) टिकटिक नसताना हे जमवायला एकमेकांचा श्वास माहीत लागतो. १९६९ च्या किंग क्रिम्सनमधली भीती मला या पोरांमध्ये परत सापडली, आणि एकही मेलोट्रॉन न दाखवता. पुढे २०२२ चा 'हेलफायर' आला, आणि २०२४ मध्ये कळलं की बँड थांबलाय. गायक जॉर्डी ग्रीपचा 'द न्यू साउंड' त्याच वर्षी आला. त्यात ब्राझिलियन तालांची रेलचेल आहे आणि एक लंपट, केविलवाणा निवेदक.

ब्लॅक कंट्री, न्यू रोड यांची गोष्ट तर कादंबरीत शोभावी. २०२२ च्या फेब्रुवारीत त्यांचा दुसरा अल्बम 'अँट्स फ्रॉम अप देअर' येणार होता. चार दिवस आधी गायक आयझॅक वुडने बँड सोडला. उरलेल्यांनी काय करावं? त्यांनी ती गाणी वाजवायचीच नाहीत असं ठरवलं, नवीन गाणी रचली आणि ती घेऊन दौऱ्यावर गेले. २०२५ च्या 'फॉरेव्हर हाउलाँग'मध्ये बँडमधल्या तिघी जणी गातात आणि आवाज इंग्लिश लोकगीतांकडे झुकलाय. पण तू आधी 'अँट्स' ऐक, सलग, एका बैठकीत. काँकॉर्ड विमान अल्बमभर फिरत राहतं. सुरुवातीला ते नुसतं एक लाडकं काहीतरी वाटतं. शेवटच्या 'बास्केटबॉल शूज'मध्ये, साडेबारा मिनिटांच्या त्या चढात ते परत येतं तेव्हा मी लोकलमध्ये होतो, आणि मुलुंड कधी गेलं कळलं नाही. यांना प्रोग म्हणायचं का, यावर लोक वाद घालतात. माझ्या लेखी 'सपर्स रेडी'चे खरे वारस हे.

मेटलच्या बाजूने आलास तर वाट निराळी. तिथे आधी मेशुगा समजून घे. स्वीडनचा बँड, नवा नाही, पण 'जेंट' नावाची सगळी शाखा यांच्या अंगणात उगवली. शब्दही त्या दाबलेल्या जाड तारेच्या आवाजावरून पडला. ड्रमर टोमास हाके काय करतो ते सांगतो. उजवा हात झांजेवर सरळ चार-चार मोजत राहतो, म्हणजे ठेका. स्नेअर, म्हणजे समोरचा कडकडीत ड्रम, आपल्या जागेवर पडतो. पाय मात्र गिटारबरोबर पाच-सातचे, सतरा-अठराचे तुकडे पाडत फिरतात. ठरावीक आवर्तनांनंतर सगळे समेवर भेटतात. पहिल्यांदा ऐकून मी म्हटलं, अरे ही तर लयकारी! पण एक फरक आहे. आपली तिहाई, म्हणजे तीनदा वाजवलेला तुकडा, हिशेबाने समेवर येते. हे लोक बऱ्याचदा शेवटचा तुकडा कात्रीने कापून समेवर आणतात. माझ्या गुरुजींना दाखवलं तर म्हणाले, "चोरी आहे, पण झकास आहे." (टूल या बँडच्या ड्रमर डॅनी कॅरीने तर रीतसर तबल्याचे धडे घेतलेत. 'लॅटरॅलस' ऐकताना ते जाणवतं.)

या शाखेत पुढे टेसरॅक्ट, पेरिफेरी, अ‍ॅनिमल्स अ‍ॅज लीडर्स. टेसरॅक्टचा 'अल्टर्ड स्टेट' मला अजून आवडतो. बाकी जेंटमध्ये गेल्या दहा वर्षांत फार बुरशी आलीय. प्रत्येक बँडचा गिटारचा आवाज एकच, कारण सगळ्यांच्या लॅपटॉपमध्ये तीच सॉफ्टवेअरं. घरच्या घरी मुद्रण शक्य झालं म्हणून ही शाखा वाढली आणि त्याच कारणाने ती सपाट झाली.

जुन्या लोकांपैकी दोघांना विसरू नकोस. ओपेथने २०११ पासून घशातली गुरगुर सोडली होती. २०२४ च्या 'द लास्ट विल अँड टेस्टामेंट'मध्ये ती परत आली. पहिल्या महायुद्धानंतरच्या एका घरातलं मृत्युपत्राचं वाचन, शेवटचं सोडून बाकी गाण्यांना नावांऐवजी परिच्छेदांचे क्रमांक, आणि मधूनमधून निवेदन करायला व बासरी वाजवायला जेथ्रो टलचे इयन अँडरसन. ऐकताना मी मोठ्याने हसलो, इतकं ते जमलंय. त्याच वर्षी अमेरिकेतल्या डेन्व्हरच्या ब्लड इन्कँटेशनचा 'अ‍ॅब्सोल्यूट एल्सव्हेअर' आला. डेथ मेटल, आणि मध्येच दार उघडून सत्तरच्या दशकातलं जर्मन सिंथेसायझरचं अंतराळ. तेही बर्लिनच्या हान्सा स्टुडिओत जाऊन केलेलं. दुसरे स्टीव्हन विल्सन. त्यांचा बँड पोर्क्युपाइन ट्री तुला कोणीतरी सांगितलाच असेल; २००७ चा 'फिअर ऑफ अ ब्लँक प्लॅनेट' अजून त्यांचा सर्वांत घट्ट अल्बम. २०२५ चा 'द ओव्हरव्ह्यू' म्हणजे दोनच रचना, मिळून बेचाळीसएक मिनिटं, अंतराळातून पृथ्वी बघणाऱ्याला जे वाटतं त्यावर. पहिली रचना मला फार आवडली, दुसरी थोडी वैज्ञानिक माहितीपटासारखी वाटली. जुन्या प्रोग अल्बमांची नव्याने मिक्सिंग करण्याचं त्यांचं कामही मोठं आहे. 'येस' हा जुना बँड किंवा किंग क्रिम्सन ऐकशील तेव्हा त्यांचं मिक्स शोध, बासचा प्रत्येक सूर सुटा ऐकू येतो.

घराणेदारांपैकी माझे दोन आवडते. नॉर्वेचा वॉबलर हुबेहूब १९७२ मध्ये राहतो, जुनीच वाद्यं वापरतो, आणि त्यात इतका रमलेला आहे की तक्रार करवत नाही. इंग्लंडचा बिग बिग ट्रेन मात्र जुन्या आवाजात नव्या गोष्टी सांगतो. 'ईस्ट कोस्ट रेसर' हे त्यांचं पंधराएक मिनिटांचं गाणं मॅलार्ड नावाच्या वाफेच्या इंजिनावर आहे, ज्याने १९३८ मध्ये ताशी १२६ मैलांचा विक्रम केला. गाण्यात इंजिनाचा वेग वाढतो तेव्हा ब्रास वाद्यं हळूहळू भरत जातात. रेल्वेच्या माणसांबद्दल इतकं मायेने लिहिलेलं गाणं माझ्या ऐकण्यात दुसरं नाही. गायक डेव्हिड लाँगडन २०२१ मध्ये गेले. नंतर इटलीचे अल्बेर्तो ब्राव्हिन आले, २०२४ चा अल्बम त्यांच्यासह आहे.

राहिलं आपल्याकडचं. माझ्या पिढीने हे सगळं काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये उभं राहून ऐकलं. ते दुकान २०१६ मध्ये बंद झालं. पण बँड समोर बघायला मिळाले ते कॉलेजांच्या आणि उत्सवांच्या कृपेने. २००९ मध्ये पोर्क्युपाइन ट्री पवईला आयआयटीच्या मूड इंडिगोत आले, २०१६ मध्ये विल्सन आणि २०१९ मध्ये ओपेथ पुण्यात एनएच७ वीकेंडरला. पवईच्या त्या रात्री आमच्यासारखे बरेच ड्रमर गर्दीत उभे राहून फक्त त्यांच्या ड्रमरचा, गॅव्हिन हॅरिसनचा, डावा हात बघत होते.

इथल्या बँडांमध्ये स्कायहार्बर आधी ऐक. दिल्लीच्या केशव धर यांनी घरच्या स्टुडिओत सुरू केलेलं हे काम. २०१४ चा 'गाइडिंग लाइट्स' जगातल्या कुठल्याही समकालीन अल्बमशेजारी ठेवावा असा. मुंबईच्या कोशिशने २०१३ मध्ये 'फिरदौस' हा हिंदी कथासूत्र असलेला अल्बम काढला. हिंदी रॉक म्हणजे प्रेमभंग, या समजाला त्याने चांगला धक्का दिला. मुंबईच्याच पॅराडाइम शिफ्टमध्ये व्हायोलिन आहे आणि ते शोभेचं नाही. दक्षिणेत कोचीच्या मदरजेनचा २००८ चा 'मक्तूब', बंगळुरूचे अगम आणि प्रोजेक्ट मिश्रम. कर्नाटक संगीतातल्या कोन्नकोलमुळे (तालाचे बोल तोंडाने म्हणण्याची कला) त्या लोकांचं मात्रांचं गणित तोंडात खेळतं, त्याचा हेवा वाटतो. पण सगळ्याच फ्यूजनवाल्यांपासून एक सावधगिरी ठेव. जड रिफ (गिटारची पुन्हा पुन्हा येणारी छोटी चाल), त्यावर चार ओळींची सरगम, पुन्हा जड रिफ, याला मी प्रगती म्हणत नाही. तेही आमच्यासारखेच डबे. राग रिफच्या चालीत शिरला पाहिजे, किंवा रिफ रागाच्या. मदरजेनच्या गिटारमध्ये तो शिरलाय, गमकांसकट.

मराठीत? ओवीचा आखूड चरण घेऊन कोणी सातावर बसवलं तर काय होईल, हा विचार माझ्या डोक्यात पंधरा वर्षं आहे. आमच्या जॅम रूममध्ये दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा गायकाने समेवर पोचायच्या आधीच हसायला सुरुवात केली.

ऐकायचा क्रम विचारशील तर तुझ्यासाठी असा : 'कॉक्रोच किंग', मग 'बिलो', मग 'क्रम्बलिंग कॅसल'. तिन्ही मिळून अर्धा तासही होत नाही. तिथून जे ओढेल तिकडे जा. 'अँट्स फ्रॉम अप देअर'ला रिकामी संध्याकाळ ठेव. पहिल्या ऐकण्यात मात्रा मोजू नकोस, मोह झाला तरी. आणि ब्लॅक मिडी पहिल्या वेळी आवडला नाही तर पंधरा दिवसांनी परत लाव. मला तिसऱ्या वेळी उघडला, तोही घरातल्यांनी आवाज कमी करायला सांगितल्यावर, कारण हळू आवाजात मधला पियानो पहिल्यांदा ऐकू आला.

महिन्याभराने तुझी यादी मला पाठव. तिच्यात मी न ऐकलेला निदान एक बँड हवा.